गावाचे पोलीस, काउंटीचा शेरीफ

मुंबईत वाढलेल्या माणसाला 'शेरीफ' म्हटलं की नगरपाल आठवतो. वर्षभराचं मानाचं पद, समारंभात पहिल्या रांगेतली खुर्ची, हुकमत मात्र काही नाही. १९९४ साली सुनील गावसकर मुंबईचे शेरीफ झाले तेव्हा आमच्या घरी सगळ्यांना आनंद झाला होता, पण शेरीफ नेमकं करतो काय हे कुणालाच सांगता आलं नव्हतं. कॅलिफोर्नियात आल्यावर तोच शब्द अगदी वेगळ्या रूपात भेटला. इथला शेरीफ निवडणूक लढवून येतो. काउंटीचा तुरुंग त्याच्या ताब्यात असतो आणि हाताखाली शेकडो सशस्त्र डेप्युटी असतात. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. मी राहतो तशा कितीतरी गावांत तर गावाचे पोलीसही हा शेरीफच पुरवतो. गाव काउंटीशी करार करतं, वर्षाचे पैसे मोजतं आणि डेप्युटी येऊन गस्त घालतात.

हे काही आडगावातलं चित्र नाही. क्युपर्टिनो, सॅराटोगा आणि लॉस अल्टोस हिल्स ही तिन्ही गावं सँटा क्लारा काउंटीच्या शेरीफकडून पोलीस घेतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेकडचं डब्लिन अलमिडा काउंटीच्या शेरीफकडून घेतं. सिएटलजवळच्या समॅमिशमध्येही हीच पद्धत आहे. ज्या गावांत गणपतीच्या आरतीला दोन दिवाणखाने भरून माणसं जमतात, त्यांतली ही गावं. तरीही आपल्या गावाला स्वतःचे पोलीस नाहीत हे इथल्या मराठी घरांपैकी फार थोड्यांना माहीत असतं. डब्लिनमध्ये तर गाडीवर आणि गणवेशावर 'डब्लिन पोलीस' असंच लिहिलेलं असतं. आत बसलेला डेप्युटी काउंटीचा नोकर आहे हे पाहून कळायला मार्ग नाही.

मलाही बरीच वर्षं माहीत नव्हतं. शेजारी पुण्याहून नवीन आलेलं एक कुटुंब होतं. बागेबाहेर उभ्या केलेल्या त्यांच्या गाडीची काच फोडून कुणीतरी बॅग नेली. डेप्युटी आला, सभ्यपणे बोलला, तक्रार लिहून घेऊन गेला. त्या महिन्यात त्या रस्त्यावरची ती तिसरी गाडी होती. शेजारीणबाईंनी मला विचारलं, "दादा, इथे गस्त वाढवा म्हणून सांगायचं असेल तर कुणाला सांगायचं?" मी म्हटलं, सिटी कौन्सिलला. कौन्सिल सदस्याने सांगितलं, स्टेशनच्या कॅप्टनशी बोला. कॅप्टनच्या कार्यालयाने सांगितलं, किती गाड्या फिरवायच्या ते करारात ठरलेलं आहे, गावाला विचारा. कुणी उद्धटपणे वागलं नाही, कुणी खोटंही बोललं नाही. पण तीन ठिकाणी फिरून आमचा प्रश्न जिथून निघाला तिथेच परत आला. तेव्हापासून मी हे करार मिळवून वाचू लागलो.

गावाने गस्त बाहेरून घ्यावी यात मला काही वावगं दिसत नाही. पण त्या गस्तीबद्दल लोकांना उत्तर द्यायचं काम बाहेर देता येत नाही. ते गावाकडेच राहायला हवं, आणि ते निभावता येईल इतके अधिकार गावाने करारात लिहून घ्यायला हवेत. मी वाचलेल्या करारांत तास बारकाईने मोजलेले आहेत, हे अधिकार मात्र जेमतेम दोन-चार ओळींत उरकलेले आहेत.

ही पद्धत आली कुठून ते आधी पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला, लाँग बीच शहराला लागून असलेल्या शेतजमिनीवर १९५० पासून तीनेक वर्षांत साडेसतरा हजार घरं उभी राहिली. हे लेकवुड. लाँग बीच त्याचा एकेक तुकडा आपल्या हद्दीत ओढू लागलं. लेकवुडच्या लोकांना ते नको होतं, पण स्वतंत्र शहर व्हायचं तर पोलीस, अग्निशमन, रस्ते, ग्रंथालयं असं सगळं उभं करण्याइतका पैसा नव्हता. जॉन टॉड नावाच्या वकिलाने तोडगा काढला: शहर व्हायचं, कौन्सिल निवडायची, निर्णय आपण घ्यायचे आणि कामं काउंटीकडून पैसे देऊन करून घ्यायची. १६ एप्रिल १९५४ ला सुमारे सत्तर हजार वस्तीचं लेकवुड शहर झालं, तेही मूठभर कर्मचाऱ्यांच्या जोरावर. याआधीही काउंट्या एखाददुसरी सेवा शहरांना विकत होत्या, पण जवळजवळ सगळाच कारभार करारावर चालवणारं हे पहिलं शहर. म्हणून आजही या पद्धतीला 'लेकवुड प्लॅन' म्हणतात.

पुढच्याच वर्षी राज्याने विक्रीकराचा कायदा बदलला आणि दुकानांतल्या विक्रीवरचा एक टक्का त्या त्या शहराला मिळू लागला. आता घरपट्टी फारशी न लावताही शहर चालवता येणार होतं. पुढच्या दीड दशकात लॉस एंजेलिस काउंटीत तीसच्या आसपास नवी शहरं जन्मली आणि बहुतेकांनी लेकवुडचाच मार्ग धरला. त्यांतली काही जन्माला आली ती निव्वळ कुंपण घालण्यासाठी. गोठ्यांवर घरांच्या वसाहती चढू नयेत म्हणून दूधवाल्यांनी १९५६ मध्ये 'डेअरी व्हॅली' नावाचं शहर केलं, तिथे माणसांपेक्षा गाई जास्त होत्या. १९५७ चं 'सिटी ऑफ इंडस्ट्री' कारखानदारांसाठी होतं. शहर होण्यासाठी पाचशे रहिवासी लागत, ते भरावेत म्हणून तिथल्या एका मनोरुग्णालयातले रुग्णही मोजण्यात आले. ज्यांच्याकडे कर देणारी दुकानं आणि कारखाने होते ते वेगळे झाले, गरिबांच्या गरजा शेजारच्या जुन्या शहरांच्या गळ्यात राहिल्या. या पद्धतीचा हा इतिहास विसरून तिचं कौतुक करणं मला पटत नाही.

तरीही कल्पना टिकली, कारण तिच्यात तथ्य होतं. आज लॉस एंजेलिस काउंटीत ८८ शहरं आहेत आणि त्यांपैकी ४२ शेरीफकडून पोलीस घेतात. हिशेबाची पद्धत साधी आहे. एक डेप्युटी, रोज आठ तास, आठवड्याचे सातही दिवस, म्हणजे ५६ तासांचं एक एकक. गावाने अशी किती एककं हवीत ते सांगायचं. नुकसानभरपाईच्या दाव्यांसाठी ठरावीक टक्के रक्कम वेगळ्या निधीत जाते. काउंटी या गावांना स्वस्तात पोलीस देते आणि बोजा आमच्यावर पडतो, अशी स्वतःचे पोलीस असलेल्या शहरांची जुनी तक्रार होती. १९७३ मध्ये राज्याच्या कायद्याने ठरवलं की काउंटीला एरवीही करावाच लागणारा सर्वसाधारण खर्च या गावांच्या बिलात घालता येणार नाही. वाद त्यानेही पुरता मिटला नाही.

या सगळ्याला एक विचारही मिळाला. व्हिन्सेंट ऑस्ट्रॉम, चार्ल्स टिबू आणि रॉबर्ट वॉरन यांनी १९६१ मध्ये मांडलं की लोकांसाठी एखाद्या सेवेची तजवीज करणं आणि ती सेवा प्रत्यक्ष राबवणं ही दोन वेगळी कामं आहेत. घरच्या कार्याला आचारी बाहेरचा बोलावला तरी पंगतीला काय वाढायचं आणि कुणाला आग्रह करायचा ते घरचेच ठरवतात, तसं काहीसं. पुढे २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इंडियानापोलिसच्या परिसरात पोलिसांचाच अभ्यास केला. शेजारशेजारच्या, सारख्या वस्त्या घेऊन त्यांनी तुलना केली. छोट्या गावांचे छोटे पोलीस मोठ्या शहराच्या पोलिसांपेक्षा गस्तीत कमी पडत नव्हते, उलट बऱ्याच बाबतींत लोक त्यांच्यावर जास्त समाधानी होते. प्रयोगशाळा, प्रशिक्षण, संदेशयंत्रणा अशा कामांना मात्र मोठा पसारा फायद्याचा ठरतो. करारपद्धतीचे समर्थक ऑस्ट्रॉमबाईंचं नाव घेतात ते योग्यच आहे, पण अर्ध्यावर थांबतात. त्यांच्या अभ्यासात पोलीस चांगले ठरले ते जवळ असल्यामुळे, लोकांचं ऐकून घेत असल्यामुळे. करारातली गस्त तशी जवळची राहते का, हा प्रश्न उरतोच.

स्वतःचे पोलीस ठेवणं हाच उपाय, असं मात्र मी म्हणणार नाही. लॉस एंजेलिसच्या आग्नेयेला मेवुड नावाचं चिमुकलं शहर आहे. तिथल्या पोलीस खात्याविरुद्ध इतके दावे झाले की विमा देणाऱ्या संस्थेने हात वर केले. विम्याशिवाय शहर चालवणं अशक्य, म्हणून २०१० च्या उन्हाळ्यात शहराने पोलीस खातंच बरखास्त केलं आणि गस्त शेरीफकडे दिली. त्याच्या आदल्याच वर्षी राज्याच्या ॲटर्नी जनरलनी त्या खात्यातल्या गैरवर्तनावर कडक अहवाल दिला होता. मेवुडच्या लोकांसाठी शेरीफ ही सुटकाच होती. छोटं खातं बिघडलं तर ते पूर्ण बिघडतं, कारण पोलीसप्रमुख, कौन्सिल सदस्य आणि ठेकेदार एकमेकांच्या ओळखीतले असतात. सॅन मटेओ काउंटीतल्या सॅन कार्लोसने त्याच वर्षी खातं बंद केलं ते केवळ पैसे पुरेनात म्हणून. निवृत्तिवेतनाचा बोजा वाढत होता आणि मंदीने उत्पन्न घटलं होतं. तीस हजारांच्या आसपासच्या वस्तीने गुन्हे तपासाची अख्खी यंत्रणा बाळगावी, हा हट्ट परवडणारा नाही.

आता दुसरी बाजू, आणि मला रात्री झोप लागू देत नाही ती हीच.

लॉस एंजेलिस काउंटीतल्या कॉम्प्टनने २००० साली आपलं पोलीस खातं मोडून शेरीफला बोलावलं. सुमारे ९५ हजार वस्तीचं शहर, बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो. २०१२ मध्ये शेरीफच्या खात्याने एका खाजगी कंपनीचं छोटं विमान कॅमेरे लावून कॉम्प्टनवर फिरवलं. नऊ दिवस अख्खं शहर वरून चित्रित होत होतं: कोण कुठून निघालं, कुठे गेलं, सगळं. लोकांना सांगितलं गेलं नाही. ही गोष्ट बाहेर आली ती २०१४ मध्ये, पत्रकारांमुळे. ज्या शहराच्या तिजोरीतून या पोलिसांचे पैसे जात होते, त्या शहरातल्या माणसाला आपल्या डोक्यावर काय घिरट्या घालतंय हे विचारायची संधीच मिळाली नाही. स्वतःचं पोलीस खातं असतं तर विमान उडालंच नसतं असं मी म्हणत नाही. पण उडालं असतं तर पोलीसप्रमुखाला पुढच्या सभेत कौन्सिलसमोर उभं राहावं लागलं असतं, आणि कौन्सिलला त्याला घरी पाठवता आलं असतं.

याच कॉम्प्टनच्या स्टेशनात 'एक्झिक्युशनर्स' नावाची डेप्युटींची टोळी आहे, अंगावर सारखं गोंदण असलेली, असा आरोप २०२० मध्ये त्या स्टेशनातल्याच एका डेप्युटीने केला. शहराने राज्याकडे चौकशीची मागणी केली. २०२१ च्या जानेवारीत ॲटर्नी जनरलनी शेरीफच्या खात्याची चौकशी सुरू केली. मार्च २०२३ मध्ये काउंटीच्या नागरी देखरेख आयोगाच्या विशेष अहवालाने खात्यात अशा टोळ्या अजून कार्यरत असल्याचं नोंदवलं. या सगळ्यात पैसे भरणाऱ्या शहराच्या हातात काय होतं? पत्र लिहिणं. लॉस एंजेलिस काउंटीची वस्ती एक कोटीच्या घरात आहे. शेरीफच्या निवडणुकीत कॉम्प्टनचं वजन शंभरात एकाएवढंही नाही.

करारपद्धतीतली गाठ इथेच आहे. शेरीफ हा कंपनीचा मालक नाही, स्वतः निवडून आलेला माणूस आहे. कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेनेच त्याची निवडणूक ठरवून दिली आहे. काउंटीचा कारभार पाहणारं निवडून आलेलं बोर्ड ऑफ सुपरवायझर्स त्याचं अंदाजपत्रक ठरवतं, पण त्याचं काम कसं करायचं ते सांगू शकत नाही. गावाचा करार काउंटीशी, माणसं शेरीफची, आणि शेरीफ उत्तर देतो ते अख्ख्या काउंटीच्या मतदारांना, तेही काही वर्षांतून एकदा. २०२२ च्या कायद्याने शेरीफची निवडणूक राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीच्या वर्षाला जोडली, त्यामुळे त्या वर्षी निवडून आलेल्यांना सहा वर्षांची मुदत मिळाली. क्युपर्टिनोचे साठ हजार लोक १९ लाखांच्या काउंटीत काय पालटणार? तिथल्या शेरीफ लॉरी स्मिथ १९९८ मध्ये निवडून आल्या, कॅलिफोर्नियातल्या पहिल्या महिला शेरीफ. बंदुकीच्या परवान्यांतल्या पक्षपातावरून त्यांच्यावर खटला चालला आणि निकालाच्या तोंडावर, ऑक्टोबर २०२२ च्या शेवटी, त्यांनी पद सोडलं. नंतर ज्यूरीने त्यांना दोषी धरलं. काउंटीच्या बोर्डाने त्याआधी वर्षभरापूर्वी अविश्वासाचा ठराव केला होता, पण तो केवळ ठरावच होता. त्या सगळ्या काळात तिन्ही गावांची बिलं नियमित जात होती.

सॅन मटेओ काउंटीत तर गोष्ट आणखी पुढे गेली. शेरीफ क्रिस्टिना कॉर्पस यांच्या कारभारावर निवृत्त न्यायाधीशांचा अहवाल नोव्हेंबर २०२४ मध्ये आला. त्यांनी आरोप नाकारले आणि पद सोडायला नकार दिला. त्यांना हटवण्याचा अधिकार बोर्डाला मिळावा म्हणून मार्च २०२५ मध्ये अख्ख्या काउंटीचं मतदान घ्यावं लागलं, आणि प्रत्यक्ष पदच्युती झाली ऑक्टोबरमध्ये. सॅन कार्लोस आणि मिलब्रे ही करारावरची गावं तोवर जवळजवळ वर्षभर ताटकळत राहिली. आरोप खरे की खोटे हा माझा मुद्दा नाही. वरच्या खुर्चीवरच वाद पेटलेला असताना खालच्या गस्तीचं काय होतंय हे विचारायला गावाकडे खिडकीसुद्धा नव्हती, हा मुद्दा आहे.

फ्लोरिडातलं पार्कलंड तर सगळ्यांना आठवतं. १४ फेब्रुवारी २०१८ ला तिथल्या शाळेत सतरा जणांचे जीव गेले. ते गाव ब्रॉवर्ड काउंटीच्या शेरीफकडून पोलीस घेत होतं आणि शाळेवर नेमलेला डेप्युटीही शेरीफचाच होता. तो इमारतीत शिरला नाही. पुढे न्यायालयाने त्याला गुन्ह्यातून निर्दोष ठरवलं. शेरीफला निलंबित केलं ते राज्याच्या गव्हर्नरनी, जानेवारी २०१९ मध्ये. मुलं गेली त्या गावाला तो अधिकार नव्हता.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं: पटत नसेल तर गावाने करार मोडावा. कागदावर ते खरं आहे. पण खातं एकदा मोडलं की पुन्हा उभं करणं महाकठीण. इमारत, गाड्या, वायरलेस, पुराव्यांची कोठी, प्रशिक्षित माणसं, विमा, हे सगळं शून्यातून आणायचं. कॉम्प्टनमध्ये स्वतःचे पोलीस परत आणण्याची चर्चा पुन्हापुन्हा झाली, पण शेरीफ अजून तिथेच आहे. घर विकून भाड्याने राहायला गेलेल्या माणसाला 'नाही आवडलं तर घर बांध' म्हणण्यासारखं आहे ते. म्हणूनच जे मागायचं ते सही करण्याआधी मागायला हवं.

आणि मागता येतं. सिएटलच्या किंग काउंटीत करारावरच्या गावांना आपला पोलीसप्रमुख निवडण्यात हक्काचा वाटा आहे. शेरीफने सुचवलेल्या अधिकाऱ्यांतून गाव एकाला घेतं, तो गावाच्या कार्यालयात बसतो, गावाच्या व्यवस्थापकाच्या बैठकांना असतो. तिथल्या मतदारांनी २०२० मध्ये शेरीफचं पदच निवडणुकीऐवजी नेमणुकीचं केलं, म्हणजे शेरीफ चुकला तर काउंटीला निवडणुकीची वाट पाहावी लागत नाही. कॅलिफोर्नियात तसं करायला राज्यघटना बदलावी लागेल, ते लांबचं काम आहे. पण २०२१ पासून राज्याच्या कायद्याने काउंट्यांना शेरीफवर देखरेख मंडळ नेमता येतं, साक्षी-कागद मागवण्याच्या अधिकारासह. आणि लॉस एंजेलिस काउंटीच्या मतदारांनी २०२२ मध्ये सबळ कारण असल्यास शेरीफला हटवण्याचा अधिकार बोर्डाला दिला.

गावाने करारात काय लिहून घ्यावं ते माझ्या दृष्टीने स्पष्ट आहे. कॅप्टन गावाच्या संमतीशिवाय नेमला किंवा बदलला जाऊ नये. माणसं सारखी बदलू नयेत, कारण गस्तीवरच्या डेप्युटीला कोणत्या शाळेबाहेर गर्दी होते हे कळायलाच वर्ष जातं. गावातल्या तक्रारी, बळाचा वापर, थांबवलेल्या गाड्या यांचा हिशेब गावाच्या नावाने वेगळा मिळावा, काउंटीच्या एकगठ्ठा आकड्यांत हरवलेला नको. विमान असो, नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे असोत की ड्रोन, पाळतीचं कुठलंही नवं साधन गावात वापरण्याआधी कौन्सिलची उघड सभेत मंजुरी लागावी. शेरीफ म्हणेल की तपासाच्या बाबतीत मला कुणी बांधून ठेवू शकत नाही. कायद्याने ते काही अंशी खरंही आहे. पण रोजची गस्त ही गावाने विकत घेतलेली सेवा आहे, तिच्या अटी ठरवण्याचा हक्क विकत घेणाऱ्याचा आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सगळं कदाचित परकं वाटेल. तिथे महापालिकेला पोलीस नसतातच. पोलीस राज्याच्या गृहखात्याचे, आणि नगरसेवकाला रस्त्यावरच्या छेडछाडीबद्दल काही करायचं असेल तर पोलीस ठाण्यात विनंतीच करावी लागते. २०२३ मध्ये मुंबई पोलिसांसाठी राज्य सुरक्षा महामंडळाकडून तीन हजार जवान कंत्राटावर घ्यायचं ठरलं तेव्हा मोठा वाद झाला होता. तो वाद कंत्राटी नोकरीचा होता. इथले डेप्युटी पक्क्या नोकरीतले, पूर्ण प्रशिक्षित आहेत, करार आहे तो दोन सरकारांमधला. पण एक धागा सारखा आहे: आपल्या गल्लीतला पोलीस आपण निवडलेल्या माणसाला बांधील नाही, ही सवय आपण लहानपणापासून अंगात मुरवून इथे आलो. म्हणून इथेही आपण विचारत नाही. इथे विचारता येतं, सभेत नाव पुकारलं की तीन मिनिटं बोलता येतं, आणि ते बोलणं नोंदलं जातं.

आमच्या गावाचा करार मागच्या वेळी नूतनीकरणाला आला तेव्हा तो चर्चेविना एकगठ्ठा मंजूर करायच्या विषयांच्या यादीत होता, फुटपाथ दुरुस्तीचं बिल आणि आधीच्या सभेचं इतिवृत्त यांच्या मधोमध. गावाच्या अंदाजपत्रकातला तो मोठ्यातला मोठा खर्च. दोन मिनिटांत हात वर झाले. मी सभागृहात होतो आणि काय घडलं ते मला घरी आल्यावर कळलं. त्या यादीतला कुठलाही विषय कुणी सदस्याने मागितला तर बाहेर काढून त्यावर चर्चा घ्यावी लागते, हेही मला तेव्हा माहीत नव्हतं. पुढच्या नूतनीकरणाच्या आधी आम्ही अकरा घरांनी मिळून एका सदस्याला पत्र दिलं आहे की हा विषय यादीतून बाहेर काढा आणि कॅप्टनना त्या संध्याकाळी सभेला बोलवा. शेजारीणबाईंनी आपला गस्तीचा प्रश्न कागदावर लिहून ठेवला आहे.